संगणकांतील कुलूप आणि घरांतील किल्ली

आमचे वडील बंधु अण्णा कैलासवासी झाले त्यास आतां दोन वर्षें होत आलीं. त्यांच्यामागें राहिलेल्या वस्तूंत सोन्यानाण्याहून अधिक मोलाची अशी एकच वस्तु होती. ती म्हणजे त्यांचा लॅपटॉप संगणक. बारा वर्षें खपून जमविलेला आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त, कोंकणांतील मूळ गांवच्या जमिनीचे उतारे, चार पिढ्यांचीं छायाचित्रें आणि एकत्र कुटुंबाचा सारा हिशेब हें सर्व त्या एका यंत्रांत होतें. गेल्या चातुर्मासांत तीन आठवडे हें धन घरांत असून नसल्यासारखें झालें. जें कुलूप अण्णांनीं चोरासाठीं लाविलें होतें, त्यानें घरच्या माणसांसच दाराबाहेर उभें केलें.

तें कुलूप म्हणजे काय, तें कसें चालतें, कशापासून राखतें व कशापासून राखीत नाहीं, आणि त्याच्या किल्लीची व्यवस्था घरोघरीं कशी असावी, हें स्वानुभवास धरून सांगावें असा ह्या लेखाचा हेतु आहे. प्रस्तुत लेखकाची हयात संस्कृत शिकविण्यांत गेली. संगणकाचें शास्त्र त्याच्या वांट्यास आलें नाहीं. तेव्हां घरच्या जाणत्या मंडळींकडून जें समजावून घेतलें व स्वतः ताडून पाहिलें, तेवढेंच येथें लिहिलें आहे.

पासवर्ड आणि चोर

कथेचा आरंभ एका चोरीपासून होतो. सहा-सात वर्षांपूर्वीं मुंबईहून पुण्यास येतांना आगगाडींत अण्णांची पिशवी नाहींशी झाली. तींत त्यांचा पहिला लॅपटॉप होता. यंत्राच्या किंमतीचें दुःख दोन दिवसांत ओसरलें असतें. पण आंत काय काय होतें हें जसजसें आठवूं लागलें, तसतसा अण्णांचा चेहरा उतरूं लागला. घरांतील नऊ माणसांच्या आधार व पॅन कार्डांच्या प्रती, विम्याचे कागद, बँकेंतील ठेवींच्या पावत्या, सुनांच्या दागिन्यांची यादी, आणि अण्णांच्या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा! त्यांचें समाधान करावें म्हणून मी म्हणालों, "अण्णा, यंत्राला पासवर्ड आहे ना? मग चोर आंत शिरणार कसा?"

अण्णांची धाकटी कन्या हिंजवडीस संगणकाच्या कामावर असते. ती म्हणाली, "काका, पासवर्ड म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाजाशीं बसविलेला राखणदार. येणाऱ्याला तो परवलीचा शब्द विचारतो हें खरें. पण चोरानें मागची भिंत फोडली, तर राखणदार दारांत बसलेलाच राहतो."

ही भिंत कशी फुटते तें पाहूं. संगणकांतील मजकूर ज्या भागांत सांठविलेला असतो त्यास डिस्क म्हणतात. पूर्वीं ती खरोखरच फिरती तबकडी असे. हल्लीं बहुतेक लॅपटॉपांत ती चिपांची बनविलेली असून मुळींच फिरत नाहीं. पुष्कळ यंत्रांत चार स्क्रू काढले कीं ती बाहेर येते. चोरानें ती स्वतःच्या संगणकास जोडली, म्हणजे आमचा राखणदार त्याला आडवा येऊंच शकत नाहीं. कारण तो आमच्या यंत्राच्या दारांत बसलेला, आणि मजकूर तर चोराच्या हातांत, उघड्या बालबोध अक्षरांत लिहिलेल्या पत्रासारखा. बरें, पुसलेला मजकूर तरी जातो काय? फिरत्या तबकडीवरील एखादी फाइल आपण पुसली म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेंतील तिची नोंद तेवढी जाते. पानें जागच्या जागीं असतात, व त्यांवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत जाणत्यास तीं वाचतां येतात. मंगळवार पेठेंतील जुन्या बाजारांत किंवा भंगारवाल्यास जुना संगणक विकणाऱ्या गृहस्थानें हें ध्यानांत ठेवावें.

त्या चोरीनंतर सहा महिने, फोनवर कोणीं बँकेचें नांव उच्चारलें कीं वहिनींच्या पोटांत गोळा येई. प्रत्यक्ष नुकसान झालें नाहीं, ही ईश्वरी कृपा. अण्णांनीं नवा लॅपटॉप घेतला तेव्हां कन्येस पहिली गोष्ट सांगितली ती ही, कीं "ह्याला असें कुलूप लाव, कीं पेटी गेली तरी आंतला मजकूर दुसऱ्याच्या उपयोगीं पडूं नये." ह्या कुलुपास संगणकाचे लोक एन्क्रिप्शन म्हणतात, आपण त्यास कूटलेखन म्हणूं. राखणदार ठेवण्यापेक्षां पत्रच असें लिहावयाचें कीं तें परक्याच्या हातीं पडलें तरी त्याला वाचतां येऊं नये, हें त्याचें सार.

मूलदेवाची युक्ति

ही कल्पना आपणांस नवी नाहीं. कौटिल्यानें हेरांचे निरोप संज्ञालिपींतून पाठवावे असें अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. वात्स्यायनानें गणलेल्या चौसष्ट कलांत 'म्लेच्छितविकल्प' म्हणून एक कला आहे. सरळ शब्द इतरांस न कळेल असा फिरवून मांडणें हें तिचें स्वरूप. त्यावरील जयमंगला टीकेंत यशोधरानें तिच्या रीती सांगतांना मूलदेवाच्या नांवाची एक रीत दिली आहे. तींत अक्षरांच्या जोड्या लाविलेल्या असतात: अ-क, ख-ग, घ-ङ, च-ट, त-प, ञ-ण, न-म, र-ष, ल-स, य-श. जोडींतील एका अक्षराच्या जागीं दुसरें लिहावयाचें. म्हणजे 'नगर' ह्या शब्दाचें 'मखष' होतें, आणि 'कमल' ह्याचें 'अनस'. ज्यास जोड्या ठाऊक आहेत तो उलट फिरवून मूळ शब्द काढतो; इतरांस तो नुसता अर्थहीन अक्षरांचा पुंजका वाटतो. घरोघरच्या मुली जी 'च'ची भाषा बोलत, जींत 'पाणी' ह्याचें 'चणीपा' होतें, ती ह्याच कुळांतली.

परंतु ह्या युक्तींत एक मोठें न्यून आहे. 'न' ह्याचा 'म' एकदां ठरला म्हणजे सबंध ग्रंथांत तो 'म'च राहतो. कोणत्याहि भाषेंत कांहीं अक्षरें वारंवार येतात व कांहीं क्वचित् येतात. कोणतें चिन्ह किती वेळां आलें हें चिकाटीनें मोजीत बसलें, तर जोड्या एकेक उघड्या पडतात. नवव्या शतकांतील अरब पंडित अल-किंदी ह्यानें ही मोजणीची रीत लिहून ठेविली आहे. तेव्हां मूलदेवाचें कुलूप शेजाऱ्यापासून राखील, पण चिकाटीच्या पंडितापासून राखणार नाहीं.

महानुभावांची सकळ लिपी

ह्या विषयाचें खरें मोठें उदाहरण आपल्या मराठी वाङ्मयांतच आहे. तेराव्या शतकांतील श्रीचक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ, व त्या पंथांतील म्हाइंभटाचें 'लीळाचरित्र', हें आज कॉलेजांतील प्रत्येक मराठीच्या विद्यार्थ्यास ठाऊक असतें. पण हा ग्रंथ, व त्याच्याबरोबरचें पंथाचें विपुल गद्य-पद्य वाङ्मय, कित्येक शतकें पंथाबाहेरच्या मराठी माणसास जवळ जवळ अज्ञातच होतें. त्याचें एक कारण असें कीं, पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहीत असत. सकळ लिपीचें मूळ तत्त्व मूलदेवाच्या रीतीसारखेंच आहे: एका अक्षराबद्दल दुसरें अक्षर अथवा चिन्ह योजावयाचें. पोथी परक्याच्या हातीं गेली तरी तींतील शास्त्र त्याच्या हातीं जात नसे. किल्ली गुरूकडून शिष्याकडे जाई.

विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व 'महाराष्ट्र सारस्वत'कार विनायक लक्ष्मण भावे ह्यांच्या परिश्रमांनीं ह्या लिपींचा उलगडा महाराष्ट्रास झाला, व मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचीं पहिलीं पानें नव्यानें लिहावीं लागलीं. राजवाड्यांच्या पुढाकारानें १९१० सालीं स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ आमच्या सदाशिव पेठेंतच आहे. त्या वाटेनें जातांना हा विचार माझ्या मनांत नेहमीं येतो. कूटलेखनानें पोथ्या राखल्या हें खरें. पण सुदैवानें पंथाच्या मठांतून किल्ली जिवंत राहिली होती. जर एखाद्या मठांत ती सांगणारा शेवटचा महंत कोणास न सांगतां गेला असता, तर त्या मठाच्या पोथ्यांची गति काय झाली असती? हा प्रश्न पुढें आमच्या घरींच उभा राहील असें तेव्हां वाटलें नव्हतें.

आजचें कूटलेखन

नेदर्लंड्समध्यें जन्मलेला व पॅरिसमध्यें भाषा शिकविणारा ऑग्युस्त केर्कहॉफ्स ह्यानें १८८३ सालीं एक सिद्धान्त मांडला. त्याचें तात्पर्य असें: कूटलेखनाची रीत शत्रूस संपूर्ण कळली तरी हरकत नसावी, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आजचीं सर्व चांगलीं कुलुपें ह्या सिद्धान्तावर उभीं आहेत. अमेरिकेच्या मानक संस्थेनें १९९७ सालीं जगांतील पंडितांस उत्तम रीत सुचविण्याचें आवाहन केलें. पंधरा रीती वादसभेंत आल्यासारख्या उघडपणें मांडल्या गेल्या, व प्रत्येकीचे दोष काढण्यास सर्वांस मुभा होती. २००० सालीं योआन डेमन व व्हिन्सेंट रेमेन ह्या दोन बेल्जियन गृहस्थांची रीत निवडली गेली, आणि नोव्हेंबर २००१ मध्यें ती 'ए-ई-एस' ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. ती कोणासहि वाचावयास मिळते. तरी तिनें लाविलेलें कुलूप किल्लीवांचून उघडत नाहीं.

तिची रचना थोडक्यांत अशी. संगणकांत अक्षर, चित्र, आवाज सर्व कांहीं ० व १ ह्या दोन अंकांनीं लिहिलेलें असतें. अशा एका अंकस्थानास बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट. मजकुराचे सोळा सोळा बाइटांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा चार ओळी व चार स्तंभ अशा चौकटींत मांडतात. मग प्रत्येक बाइट ठराविक कोष्टकाप्रमाणें बदलतात, ओळी सरकवितात, स्तंभांचें मिश्रण करितात, आणि किल्लीचे अंक त्यांत मिळवितात. किल्ली १२८ बिटांची असेल तर अशा दहा फेऱ्या होतात (शेवटच्या फेरींत स्तंभांचें मिश्रण नसतें), व २५६ बिटांची असेल तर चौदा. ह्या घुसळणींत मूळांतील एक बिट जरी बदलला, तरी सबंध तुकड्याचें रूप पालटतें. शिवाय डिस्कवरील तुकड्याची जागा कोणती हेंहि गणितांत धरलेलें असतें, त्यामुळें तोच मजकूर दोन ठिकाणीं लिहिला तरी दोन्ही ठिकाणचीं कूटरूपें निराळीं दिसतात. मूलदेवाच्या रीतीचें न्यून येथें असें भरून निघालें आहे.

वाचक म्हणतील, सर्व किल्ल्या एकामागून एक लावून पाहिल्या तर? १२८ बिटांच्या किल्ल्यांची संख्या ३९ आकडी भरते. भास्कराचार्यांच्या लीलावतींतील परार्ध ही शेवटची संख्या १८ आकडी आहे. क्षणभर असें समजूं कीं एखादें यंत्र सेकंदास एक परार्ध किल्ल्या लावून पाहतें. तरी सर्व किल्ल्या संपावयास एकावर चौदा शून्यें इतकीं वर्षें लागतील. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटि वर्षांचा. त्या मानानें हे सुमारें २५,००० कल्प झाले. चोराची तितकी सवड नसते.

ही सर्व क्रिया आपल्या नकळत घडते. डिस्कवर मजकूर जातांना तो कूट होऊन जातो, आणि वाचतांना यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतींत तो सरळ होऊन येतो. डिस्कवर सरळ रूप कधींच राहात नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्यें ह्या व्यवस्थेस बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, ॲपलच्या संगणकांत फाइलव्हॉल्ट, व लिनक्समध्यें लक्स.

येथें किल्ल्या दोन असतात, हें समजून घेतल्यावांचून पुढील कथा कळणार नाहीं. मजकूर ज्या किल्लीनें कूट होतो ती थोरली किल्ली डिस्कवरच असते. पण ती स्वतःच एका दुसऱ्या किल्लीनें कूट करून ठेविलेली असते, जशी तिजोरीची किल्ली लहान पेटींत ठेवून पेटीस निराळें कुलूप लावावें. ही धाकटी किल्ली पुष्कळ संगणकांत मुख्य पाटीवरील टी-पी-एम नांवाच्या एका चिपेच्या ताब्यांत असते. यंत्र चालू होतांना सर्व कांहीं नेहमींसारखें आहे असें आढळलें, तरच ती चिप किल्ली सोडते. काल नव्हतें असें कांहीं दिसलें, तर ती हात आंखडते, आणि यंत्र मालकाजवळ तिसरी, राखीव किल्ली मागतें. बिटलॉकरमध्यें ही राखीव किल्ली म्हणजे ४८ आकड्यांची एक संख्या असते. सहा सहा आकड्यांचे आठ गट.

कुलूप काय राखीत नाहीं

इतकें सांगितल्यावर, ह्या कुलुपावर नको तितका भरंवसा कोणीं टाकूं नये म्हणून त्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत.

तें बंद यंत्रास राखतें. चालू यंत्रास नाहीं. आपण आंत शिरून काम करूं लागलों म्हणजे वाड्याचें दार उघडेंच असतें, व त्या वेळीं तारेवाटे कोणी आंत आला तर त्यास सर्व सरळच दिसतें. आमच्या पुण्याची, १९०६ सालीं स्थापन झालेली कॉसमॉस सहकारी बँक घ्या. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजीं तिच्यावर पडलेल्या संगणकी दरोड्यांत सुमारें ९४ कोटि रुपये गेले, व त्यांतील पुष्कळसे २८ देशांतील यंत्रांतून काढले गेले. त्यांत कोणीं डिस्क उचलून नेली नव्हती. चोर चालत्या व्यवस्थेंत शिरले होते. अशा चोरीवर डिस्कचें कूटलेखन हें औषध नव्हे. तसेंच लॅपटॉपचें झांकण मिटलें म्हणजे यंत्र बंद झालें असें नाहीं. तें झोंपलेलें असतें, व किल्ली त्याच्या तात्पुरत्या स्मृतींत जागीच असते. अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथील संशोधकांनीं २००८ सालीं दाखवून दिलें, कीं वीज तोडल्यावरहि ही स्मृति कांहीं क्षण टिकते, आणि चिपा थंड केल्यास अधिक वेळ टिकते. म्हणून प्रवासास निघतांना यंत्र पूर्ण बंद करावें.

दुसरें असें, कीं ई-मेलनें पाठविलेला किंवा साध्या पेनड्राइव्हवर उतरविलेला कागद कुलुपाबाहेर गेला. आणि तिसरें, तें चोरापासून राखतें, नाशापासून नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां आमचें बिऱ्हाड नारायण पेठेंत नदीकांठीं होतें. आजोबांच्या पोथ्यांची पेटी उत्तम कुलुपांत होती; ती कुलुपासकट वाहून गेली. डिस्क बिघडली तर कूटलेखन तिला वांचवीत नाहीं. म्हणून दुसरी प्रत ठेवावी, व तिलाहि कुलूप असावें.

अठ्ठेचाळीस आकडे

आतां मूळ कथेकडे वळूं. अण्णा गेल्यावर वहिनी रोज संध्याकाळीं त्यांचा लॅपटॉप उघडून छायाचित्रें पाहत. परवलीचा शब्द त्यांना ठाऊक होता. गेल्या पावसाळ्यांत यंत्र अकस्मात् बंद पडलें. दुरुस्तीच्या दुकानीं दिलें, तेथें त्याची मुख्य पाटी बदलावी लागली. यंत्र चालू झालें, पण पडद्यावर निळ्या रंगांत ४८ आकड्यांची मागणी आली. पाटीबरोबर चिपहि गेली होती, आणि नव्या चिपेस आमची कांहींच ओळख नव्हती. त्यांत दुकानदाराचा दोष नव्हता. तो म्हणाला, "मास्तर, आकडे नसतील तर डिस्क कोरी करून देतों, यंत्र नव्यासारखें चालेल. आंतलें मात्र जाईल."

वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, कोरी करूं नका."

अण्णांनीं कुलूप लाविलें त्या दिवशीं कन्येनें त्यांस आकडे जपून ठेवण्यास बजावलें होतें. "माझ्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत नको, कागदावर ठेवतों," असें ते म्हणाले होते. पण तो कागद कोठें ठेवला, हें त्यांनीं कोणासच सांगितलें नव्हतें. त्यांच्या कपाटांतील प्रत्येक वही आम्हीं चाळली, पंचांगांचीं पानें झटकलीं, तिजोरी रिकामी केली. दुसरीकडे कन्येनें स्पष्ट सांगितलें, कीं आकड्यांवांचून हें कुलूप तिला, तिच्या कंपनीला, किंवा तें बनविणाऱ्यासहि उघडतां येणार नाहीं. जें चोरास येत नाहीं तें आपणांसहि येत नाहीं, हाच त्याचा गुण. तीन आठवड्यांनीं मी आशा सोडली. वहिनींनीं सोडली नाहीं.

शेवटीं त्यांनाच तें सांपडलें. रद्दींत घालावयाच्या गठ्ठ्यांत अण्णांची जुनी पत्त्यांची वही होती. तिच्या मागच्या पानावर एकाखालीं एक अशा आठ ओळी, प्रत्येकींत सहा आकडे, अण्णांच्या वळणदार बालबोध अंकांत. पुण्याचे टेलिफोन एके काळीं सहा आकडी होते. आठ जुने फोन नंबर असावेत असें समजून वहिनींनीं ती वही दोनदां बाजूस टाकली होती. तिसऱ्या वेळीं त्यांच्या मनांत आलें, कीं अण्णा नांवावांचून नंबर कधीं लिहीत नसत!

तरी एक अडचण उरलीच. पानावर पाण्याचा थेंब पडून एका गटांतील एक अंक पुसट झाला होता. तो १ आहे कीं ९, हें भिंग लावूनहि ठरेना. तेव्हां कन्येनें सांगितलें, कीं लिहिण्यांतली चूक कळावी म्हणून ह्या किल्लींतील प्रत्येक गट ११ नें निःशेष भागला जाईल असाच केलेला असतो. मग काय, हा तर आमच्या शाळेंतला प्रांत! एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा कराव्या. त्यांचें अंतर शून्य किंवा ११ च्या पटींत आलें तर संख्या ११ नें भागते. खरे आकडे छापणें शहाणपणाचें नव्हे, म्हणून उदाहरणार्थ दुसरे घेतों. २७५?४६ ह्यांत पहिला, तिसरा व पांचवा अंक मिळून ११ होतात. दुसरा व सहावा मिळून १३. पुसट अंक १ धरला तर दुसरी बेरीज १४ होते व अंतर ३ येतें, तें चालत नाहीं. ९ धरला तर बेरीज २२ होते, अंतर ११ येतें. म्हणून अंक ९. ह्याच रीतीनें आमचा अंक ठरला. कन्येनें आकडे भरले, वहिनी शेजारीं बसून एकेक मोठ्यानें सांगत होत्या. शेवटचा गट भरतांच पडदा उजळला, आणि अण्णांनीं अखेरच्या दिवशीं उघडा ठेवलेला कुलवृत्तान्ताचा भाग पुनः हातीं आला. वहिनींनीं पदर डोळ्यांस लाविला. आम्हांपैकीं कोणीच कांहीं बोललें नाहीं.

गृहस्थांनीं काय करावें

ह्या अनुभवानंतर आमच्या घरीं जो क्रम ठरला तो वाचकांस सांगतों. पटल्यास त्यांनींहि ठरवावा. प्रथम, घरांतील प्रत्येक संगणकास हें कुलूप आहे कीं नाहीं तें पाहावें. विंडोज ११ मध्यें सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी ह्या भागांत डिव्हाइस एन्क्रिप्शन हें सदर असतें, व ॲपलच्या संगणकांत त्याच नांवाच्या भागांत फाइलव्हॉल्ट. कांहीं नव्या यंत्रांत, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें प्रवेश केला कीं, मालकास विशेष न कळतांहि तें चालू होतें, आणि राखीव किल्ली त्या खात्यांत जमा होते. म्हणून "आम्हीं तर लाविलेंच नाहीं" असें म्हणून निश्चिंत राहूं नये. नसेल तर लावावें. विशेषतः जो लॅपटॉप घराबाहेर जातो त्यास.

दुसरें, राखीव किल्ली कागदावर स्वच्छ उतरून दोन ठिकाणीं ठेवावी: एक प्रत घरच्या महत्त्वाच्या कागदांत, दुसरी बाहेर, विवाहित कन्येकडे किंवा बँकेच्या लॉकरांत. लॅपटॉपच्या पिशवींत ती ठेवणें म्हणजे कुलुपालाच किल्ली टांगून ठेवणें होय. कागदावर, ही कोणत्या यंत्राची किल्ली, हें सांकेतिक का होईना पण लिहावें. अण्णांच्या वहींत तेवढें एक नव्हतें. तिसरें, दुरुस्तीस यंत्र देण्यापूर्वीं किल्ली हातांशीं आहे ना, हें पाहावें. चौथें, यंत्र विकावयाचें झाल्यास तें मुळापासून कोरें करून द्यावें. कूटलेखन आधींपासून असेल, तर थोरली किल्ली नाहींशी होतांच उरलेला मजकूर निरर्थक होतो.

आणि शेवटचें, जें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. आपल्या घरांतून व्यवहाराची माहिती बहुधा एका कर्त्या पुरुषाच्या डोक्यांत असते. पूर्वीं तो गेला तरी दप्तर उरे, व तें कोणासहि वाचतां येई. आतां दप्तरालाच असें कुलूप लागलें आहे, कीं किल्ली सांगितल्यावांचून तें पत्नीस, पुत्रास, सुनेस सर्वांस सारखेंच परकें करतें. तेव्हां किल्ली कोठें आहे हें घरांतील निदान दोघांस ठाऊक असावें, आणि त्यांत एक तरी घरची बाई असावी. आमच्या घरीं तो कागद आतां वहिनींच्या देवघरांतील डब्यांत असतो. दुसरी प्रत कन्येकडे आहे. गुढीपाडव्यास पंचांगाच्या पूजेबरोबर दोन्ही प्रती ताडून पाहावयाच्या, असा नेम वहिनींनींच घालून दिला आहे. इत्यलम्.